हौदावरची खूण

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. करंज ऋषींच्या नावावरून गावाला हे नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात, आणि गावचा ऋषी तलाव त्या आख्यायिकेची आठवण करून देतो. गावाभोवती काळी, कापसाची जमीन आहे. श्रावणात ती चालणाऱ्याचा पाय धरून ठेवते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाण्याचे मोल येथील मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

या गावातील एका जुन्या घराच्या परसात दगडी हौद आहे. तो दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि कमरेएवढा खोल असून त्याच्या एका बाजूस आत दोन पायऱ्या आहेत. हौदाजवळ विहीर आहे आणि मोरीचे पाणी जेथे जाते तेथे धोप्याचा वाफा आहे. कोकणात व देशावर ज्याला अळू म्हणतात, त्यालाच वऱ्हाडात धोपा म्हणतात. आजी त्याच्या पानांच्या वड्या करी. त्या करताना चिंचेचा कोळ घालण्यास ती कधी विसरत नसे. धोप्याच्या पानांत व देठांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते घशाला टोचतात, म्हणून अळू खाजते. चिंचेच्या आंबटपणाने आणि चांगले शिजवल्याने ही खाज कमी होते.

हौद आजोबांनी बांधला होता. त्यांची लेक लग्न होऊन इंग्लंडातील लेस्टर या शहरी गेली होती. तिच्या बागेतही एक लहानसे तळे होते. त्या तळ्यातील फुलांचे छायाचित्र तिने एकदा धाडले. शुभ्र पांढरा, द्रोणासारखा वळलेला एक पेला आणि त्याच्या मध्यभागी समईच्या ज्योतीसारखा पिवळा दांडा, असे ते फूल होते. ते छायाचित्र आजोबांनी देवघराशेजारी लावले. पुढे 2011 साली ते उटीला गेले असता तेथे ओहोळाच्या काठी, ओलसर जागी तीच फुले त्यांना दिसली. एका रोपवाटिकेतून त्यांनी त्यांचे दोन गड्डे विकत घेतले आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळून कारंज्याला आणले. या फुलाचे नाव कॅला लिली.

नाव लिली असले, तरी ही वनस्पती लिलीच्या कुलातील नव्हे. ती सुरणाच्या आणि अळवाच्या कुलातील आहे. आजोबांनी नातवाला हौदाच्या काठावर बसवून दोन्ही पाने दाखविली होती. अळवाचा देठ पानाच्या पोटाला चिकटलेला असतो, तर कॅलाचा देठ पानाच्या खाचेत असतो आणि पान बाणाच्या टोकासारखे दिसते. जो पांढरा पेला आपण फूल समजतो, तो खरोखर एक रूप पालटलेले पान असतो. त्याला महाछद म्हणतात. खरी फुले अगदी बारीक असतात आणि ती त्या पिवळ्या दांड्यावर दाटीने बसलेली असतात.

“म्हणजे ही आपल्या धोप्याची बहीण?” नातवाने विचारले होते.

“चुलत बहीण म्हण. पण हिच्या वड्या करायच्या नाहीत बरे का! हिच्याही अंगी तसलेच काटे आहेत. ही विषारी आहे. डोळ्यांनीच पाहावी.”

आजोबांनी गड्डे कुंड्यांत लावले. माती पाण्यात विरघळून वर येऊ नये म्हणून तिच्यावर खडे पसरले आणि कुंड्या हौदाच्या वरच्या पायरीवर अशा ठेवल्या, की मातीवर वीतभर पाणी राहावे. डास होऊ नयेत म्हणून हौदात गप्पी मासे सोडले. दुपारी पेरूच्या झाडाची सावली हौदावर येई. पहिले फूल उमलले, तेव्हा आजोबांनी लेकीला दूरध्वनी करून सांगितले, “तुझ्या तळ्यातले फूल माझ्या हौदात आले!”

2014 साली आजोबा वारले. जाण्यापूर्वी त्यांनी नातवाला जवळ बोलावले आणि म्हटले, “हौद आता तुझा. कोरडा पडू देऊ नकोस.” नातू तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याने मान हलविली. त्या दिवसापासून सकाळी शाळेत जाण्यापूर्वी हौदात पाणी घालण्याचा नेम त्याने कधी चुकविला नाही. पाणी कोठवर हवे, हे कळावे म्हणून त्याने खिळ्याने हौदाच्या भिंतीवर एक रेघ ओढली होती.

2015 साली पावसाने महाराष्ट्राला दगा दिला. पुढच्या वर्षी, 2016 च्या एप्रिलात, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. कारंज्यातील या घराची विहीरही चैत्रात खोल गेली. सकाळी चार-सहा बादल्या काढल्या, की दोर सैल पडे आणि मग झरा पाझरून पाणी साचेपर्यंत वाट पाहावी लागे. तरीही मुलगा पहाटे उठून तीन बादल्या हौदात ओतीतच होता. पाणी रेघेला लागले म्हणजे त्याला बरे वाटे.

एके दिवशी दुपारी शेजारच्या म्हाताऱ्या काकू घागर घेऊन विहिरीवर आल्या. त्यांच्या गोठ्यात नुकतीच व्यालेली गाय होती. त्यांनी दोर सोडला. पोहरा खडकावर आपटल्याचा आवाज झाला. पुनःपुन्हा ओढून त्यांची घागर अर्धीच भरली. “झरा थकला हो यंदा,” एवढेच त्या आजीला म्हणाल्या आणि अर्धी घागर कमरेवर घेऊन निघून गेल्या. मुलगा पेरूखाली बसला होता. समोर हौद काठोकाठ भरलेला होता आणि त्यात मासे खेळत होते. त्याला तेथे बसवेना.

आजी त्याला काहीच बोलली नाही. हौद आटवावा, असे तिच्या मनात येत नव्हते असे नाही. परंतु तो नवऱ्याच्या हातचा होता आणि वचन नातवाने दिले होते. त्या वचनाचे काय करायचे, हे त्यानेच ठरवावे, असे तिला वाटले.

दुसऱ्या दिवशी त्याने हौदात पाणी घातले नाही. रेघेपासून पाणी किती उतरते, ते त्याने पट्टीने मोजले. एका दिवसात एक सेंटिमीटर उतरले होते. हौदाला कोठे गळती नव्हती. ऊन आणि वारा पाणी उचलून नेत होते. त्याने पाटीवर हिशेब मांडला. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक सेंटिमीटर खोल म्हणजे चाळीस लिटर. दररोज चाळीस लिटर पाणी तो हवेला देत होता. महिन्याचे बाराशे लिटर होत होते! गायीची तहान त्यातून सहज भागली असती.

त्या रात्री इंग्लंडहून आत्याचा दूरध्वनी आला. मुलाने तिला सारे सांगितले आणि विचारले, “पाणी दिले नाही, तर आजोबांच्या लिली मरतील का ग?”

आत्या क्षणभर थांबली. मग म्हणाली, “अरे, या फुलाचे माहेर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. बारमाही झऱ्याकाठी ही लिली वर्षभर हिरवी राहते. पण ओहोळ आटला, की पाने टाकते आणि मातीखाली गड्ड्यात झोपून राहते. पाणी आले, की पुन्हा उठते. माझ्याकडे ही अडचण उलट आहे. येथे हिवाळ्यात तळ्यावर बर्फ धरतो. थंडी पडण्यापूर्वी मी कुंड्या वरच्या पायरीवरून उचलून खोल तळाशी ठेवते.”

“बर्फाखाली? मग त्या गारठत नाहीत?”

“बर्फ वर तरंगतो ना! चार अंश सेल्सिअसचे पाणी सर्वांत जड असते. ते तळाशी राहते आणि गोठत नाही. वरचा बर्फ तळ्यावर गोधडीसारखा होतो. गड्डे त्याखाली झोपतात. ज्यांच्याकडे तळे खोल नसते, ते गड्डे काढून घरात कोरड्या जागी ठेवतात. मी माझ्या लिली थंडीपासून राखते. तू तुझ्या उन्हापासून राख.”

मुलगा आजीकडे वळला. “आजी, आजोबा म्हणाले होते, हौद कोरडा पडू देऊ नको म्हणून.”

आजीने त्याला जवळ घेतले. “बाळा, धोपा दरसाल उन्हाळ्यात मान टाकतो. तेव्हा आपण रडतो का? अळकुड्या मातीत असतात आणि मृगाच्या पावसाबरोबर पुन्हा पाने येतात. जे पाण्यावाचून झोपू शकते, त्याला झोपू द्यावे. ज्याला पाण्यावाचून झोप येत नाही, त्याला पाणी द्यावे. आजोबा असते, तर त्यांनी प्रथम गायीला पाजले असते.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मुलाने हौद उपसावयास घेतला. गप्पी मासे त्याने पाण्याच्या रांजणात सोडले आणि त्यावर फडके बांधले. हौदातले पाणी तो बादलीबादलीने शेजारच्या गोठ्यात पोहोचवीत राहिला. काकू नको नको म्हणत होत्या. गायीने मात्र तोंड बुडविले ते बादली रिकामी झाल्यावरच वर काढले. चौथ्या दिवशी हौदाचा तळ उघडा पडला. त्या संध्याकाळी मुलगा जेवला नाही. आजीनेही त्याला आग्रह केला नाही. ताट झाकून ठेवले.

लिलीची पाने पिवळी पडली आणि मग वाळली. पाने हिरवी असताना गड्डे काढू नयेत, असे आत्याने बजावले होते, कारण पान वाळेपर्यंत आपले सत्त्व गड्ड्यात साठवीत असते. पाने पूर्ण वाळल्यावर मुलाने गड्डे उकरले. दोन होते, त्यांचे तीन झाले होते. त्याने माती झटकली, गड्डे सावलीत सुकविले आणि वेताच्या टोपलीत कोरड्या वाळूत पुरून टोपली माजघराच्या थंड कोपऱ्यात ठेवली.

मृग कोरडा गेला नाही. आषाढात विहीर भरली आणि हौदही पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरला. मुलाने गड्डे लावण्याची घाई केली, पण आजी म्हणाली, “अजून उकाडा आहे. रात्री अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटले, की त्यांना उठव.” 2016 च्या दसऱ्यानंतर त्याने टोपली उघडली. तीनपैकी एक गड्डा कुजून मऊ झाला होता. तो नीट सुकविला नव्हता, हे त्याचे त्याला कळले. उरलेले दोन घट्ट होते आणि एकाच्या डोळ्यातून हिरवट कोंब डोकावत होता. काळी माती, वाळू आणि शेणखत मिसळून त्याने ते कुंड्यांत लावले. आधी मातीवर चार बोटे पाणी राहील असे पाहिले. पाने वाढली तसतशा कुंड्या खाली उतरविल्या.

2017 च्या माघातल्या एका थंड सकाळी पेला उलगडला. मुलाने शाळेचे दप्तर तसेच ठेवून आत्याला दूरध्वनी लावला. तिच्याकडे अजून रात्र होती आणि तळ्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. तिची लिली बर्फाखाली निजली होती आणि इकडे कारंज्यात तिची बहीण जागी झाली होती. आत्या काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बाबांना सांगितलेस का?” मुलाने ते फूल कापून आणले आणि आजोबांच्या छायाचित्रासमोर ठेवले. दुसरी कळी त्याने शेजारच्या काकूंसाठी राखून ठेवली.

त्या हौदाच्या भिंतीवर आज दोन रेघा आहेत. वरची रेघ पाणी कोठवर भरावे, हे सांगते. खालची रेघ मुलाने त्या वर्षी नव्याने ओढली. पाणी त्या रेघेपर्यंत उतरले आणि विहीरही खोल गेली, की लिलींना झोपवायचे आणि उरलेले पाणी तहानलेल्यांना द्यायचे, असा तेव्हापासून त्या घरचा नेम आहे.