शहीद द्वीपावरची ओहोटी

पहूरच्या दुकानाला कुलूप लावून आठ दिवस बाहेर राहणे बाबूजींना मान्य नव्हते. बाईंच्या निधनानंतर आग्रह करकरून आम्ही त्यांना अंदमानास नेले.

शहीद द्वीप म्हणजे पूर्वीचे नील बेट. रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी तेथील गावांची नावे. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी ते वसवले. त्यांच्या मळ्यांतील भाजीपाला पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जातो. बाबूजींनी समुद्र पाहण्याआधी भेंडीचा भाव विचारला!

पंचाईत झाली ती चौविहाराची. बेट आपल्याहून सतरा रेखांश पूर्वेला, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरच्या आरंभी तेथे सूर्य पाचच्या आतच मावळतो. चार वाजता जेवण मागणारे पाहुणे पाहून स्वयंपाकी हसला, पण त्याने वेळ पाळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी साधून लक्ष्मणपूरची प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान पाहण्यास निघालो. ओसरलेल्या पाण्याच्या डबक्यांत खेकडे, लहान मासे, जिवंत प्रवाळ. दहा पावलांवर बाबूजी थांबले. "पाय कुठे ठेवू?" इतक्या दूर येऊन हे काय, म्हणून मला राग आला, झालेला खर्चही आठवला, हे लपवीत नाही. मी एकटाच पुढे गेलो. कमान सुंदर होती.

परतलो तेव्हा ते वाळूत बसून शंख पाठीवर घेऊन चालणारा खेकडा न्याहाळत होते. "तुझ्या बाईला हे दाखवायला हवे होते." ती गेल्यापासून तिच्याविषयी ते प्रथमच बोलले. मी शेजारी बसलो. मग त्यांनी घड्याळ पाहिले. "चल, चार वाजत आले."