काचेवरचं बोट

१.
१९६५. ब्रिटनमधल्या माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन बोटाने चालणाऱ्या पडद्यावर लेख लिहितात. पडदा हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी. गाण्याचा कुठेच विचार नाही.

२.
ॲपलचा गाण्याचा प्लेयर म्हणजे आयपॉड. पहिल्या आयपॉडचं चाक (ऑक्टोबर २००१, ५ जीबी) खरोखर फिरायचं. २००२ च्या मॉडेलमध्ये चाक थांबलं आणि त्याच्यावर बोट फिरू लागलं. पडद्यावर यायच्या पाच वर्षं आधी स्पर्श तिथे येऊन बसला होता.

३.
वेन वेस्टरमन अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात पीएचडी करत होते. टंकून टंकून हात दुखायचे. कळा दाबायला नकोत, नुसतं बोट टेकवलं की ओळखेल असा पृष्ठभाग त्यांना हवा होता. तोही एकाच वेळी अनेक बोटं ओळखणारा. प्रबंध १९९९ चा. मार्गदर्शक जॉन एलियास यांच्यासोबत त्यांनी ‘फिंगरवर्क्स’ ही कंपनी काढली. ती ॲपलने २००५ मध्ये विकत घेतली.

पडद्यांच्या या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. सुरुवात दुखणाऱ्या मनगटांपासून झाली.

४.
कोरियाच्या कोवॉन कंपनीचा डी२ हा गाण्याचा प्लेयर. अडीच इंची पडदा, पण दाबावा लागणारा: आत दोन थर, मध्ये बारीक फट, दाबलं की थर एकमेकांना टेकतात आणि जागा कळते. नखाने चालतो, पेनाच्या टोपणाने चालतो, हातमोजे घालूनही चालतो. शिवाय एसडी कार्डाची खाच. एका चार्जिंगमध्ये ५२ तास गाणी, असा कंपनीचा दावा. आवाज कमी-जास्त करायची बटणं वरच्या कडेला, वेगळी. हे यंत्र जितकं गाजायला हवं होतं तितकं गाजलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

५.
५ सप्टेंबर २००७. आयपॉड टच. साडेतीन इंची काच, जाडी ८ मिलिमीटर. आवाजाचं बटण नाही.

गर्दीच्या लोकलमध्ये एक हात कडीला. अशा वेळी आवाज कमी करायचा तर यंत्र खिशातून काढा, पडदा जागा करा, बघा, मग बोट सरकवा. जुन्या वॉकमनवर हेच काम बोट खिशातल्या खिशात करायचं, डोळ्यांना न विचारता. पुढच्याच वर्षीच्या मॉडेलला कडेला बटणं आली.

६.
जानेवारी २००८: आयपॉड टचवर मेल, नकाशे, हवामान, शेअरबाजार आणि टिपणवही हवी असेल तर १९.९९ डॉलर. आयफोनवाल्यांना हे सगळं आधीपासून होतं.

७.
जुलै २००८: ॲप स्टोअर, सुरुवातीला सुमारे ५०० ॲप्स. गाणी आता अनेक चौकोनांतला एक चौकोन.

८.
सुरुवातीच्या आयपॉडमधली चिप पोर्टलप्लेयर या कंपनीची. तिच्या अभियंत्यांचा एक चमू हैदराबादेत होता. २००७ च्या सुरुवातीला ती कंपनी एनव्हिडियाच्या मालकीची झाली. २००९ मध्ये एनव्हिडियाची टेग्रा चिप एका नव्या टचस्क्रीन प्लेयरमध्ये बसली. तो मायक्रोसॉफ्टचा झून एचडी, आयपॉडला उत्तर म्हणून काढलेला. पडदा देखणा, ओएलईडी. दोन वर्षांत उत्पादन बंद.

९.
आपल्याकडे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. निवड दुकानदाराची. किती जणांची आवड अशी एका अनोळखी माणसाने घडवली असेल! यावर कुणीतरी नीट लिहायला हवं.

१०.
२०१७: सारेगामा या संगीत कंपनीचा कारवाँ प्लेयर. ५,००० गाणी आधीच भरलेली. पडद्याला हात लावायचा नाही, गोल बटण फिरवायचं. मराठी गाण्यांचाही निघाला. घराघरांतल्या आजी-आजोबांनी तो आपलासा केला.

११.
एप्रिल २००९. आयपॉड टचवरही चालणारं प्रोलोक्वोटूगो नावाचं ॲप. बोलू न शकणाऱ्या मुलाने चित्रांवर बोट ठेवलं की यंत्र त्यांतून जुळलेलं वाक्य बोलतं. अशी खास यंत्रं आधीही होती, पण हजारो डॉलरची आणि जड. आता हेच काम गाण्याच्या प्लेयरवर होऊ लागलं, वर्गातल्या इतर मुलांकडे असायचा तसल्याच.

१२.
१० मे २०२२. ॲपलचं निवेदन: आयपॉड टच साठा असेपर्यंतच मिळेल. आयपॉड नावाचं ते शेवटचं यंत्र.

१३.
सपाट काच म्हणजे अंध माणसासाठी बंद दार, असं वाटणं साहजिक होतं. सप्टेंबर २००९ च्या आयपॉड टचमध्ये व्हॉइसओव्हर आलं. बोट फिरवलं की खाली काय आहे ते यंत्र बोलून सांगतं. दोनदा टिचकी मारली की उघडतं. तीन बोटांनी पान सरकतं. गाण्यांची अख्खी यादी, न बघता.

मात्र फक्त ३२ आणि ६४ जीबीच्या यंत्रांत. त्याच दिवशी सर्वांत स्वस्त म्हणून विकायला ठेवलेल्या ८ जीबीच्या यंत्रात आदल्या वर्षीचेच भाग होते, आणि त्यात व्हॉइसओव्हर नव्हतं.