कर्मवीरांच्या वाटेवर : ऐतवड्याहून साताऱ्याला

दोस्तांनो, तुमच्या शाळेत ‘प्रकल्प’ असतो ना? आमच्या सांगलीत तो कसा होतो, सांगतो. आदल्या संध्याकाळी मुलं स्टेशनरीच्या दुकानात धावतात, चित्रांचा तक्ता आणतात, चित्रं कापतात आणि कार्डशीटवर चिकटवतात. अक्षर आईचं, किनार बाबांची आणि नाव तेवढं स्वतःचं!

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आलेली माझी आठवीतली भाची असाच एक तक्ता घेऊन बसली होती. विषय होता ‘कर्मवीर भाऊराव पाटील’. पांढऱ्या दाढीचं चित्र कापूनही झालं होतं.

मी म्हटलं, “चिकटवायच्या आधी यांच्या गावाला जाऊन येऊ या का?”

“कुठंय गाव?”

“आपल्याच जिल्ह्यात.”

कात्री तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इस्लामपूरच्या एस.टी.त बसलो. इस्लामपूरहून पुढं ऐतवडे बुद्रुक. वाळवा तालुक्यातलं हे गाव. दोन्ही बाजूंना उंच उभा ऊस, मधून जाणारा रस्ता. भाऊरावांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा, २२ सप्टेंबर १८८७ चा. पण पाटलांचं घराणं ऐतवड्याचं. त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात. विहिरीवर दलित बायका पाण्यासाठी ताटकळत उभ्या होत्या आणि कुणी त्यांना पाणी देत नव्हतं. भाऊरावांना राग आला. त्यांनी विहिरीवरचा रहाटच मोडून पाण्यात टाकून दिला!

“मग सगळ्यांचंच पाणी बंद झालं असेल,” भाची म्हणाली.

“झालं असेल. पण रहाट मोडून प्रश्न सुटत नाही, हेही त्यांना पुढं कळलंच की. मग त्यांनी मोडण्याऐवजी बांधायला घेतलं.”

परत इस्लामपूरला येऊन, कृष्णा ओलांडून आम्ही किर्लोस्करवाडी गाठली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथल्या माळावर कारखाना वसवला आणि लोखंडी नांगर केले. तेव्हा शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन विषारी होते! असे नांगर विकणं सोपं नव्हतं. भाऊरावांनी काही वर्षं किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार करत गावोगाव पायपीट केली. नांगर दाखवताना त्यांना दुसरंही काही दिसत होतं. गुरांमागं फिरणारी, शाळेचं तोंडही न पाहिलेली मुलं. शेतकऱ्याच्या पोराला शाळेत घालायचं तर तालुक्याच्या गावी ठेवायला हवं. तिथं राहायचं कुठं आणि खायचं काय?

या प्रश्नाचं उत्तर पाहायला आम्ही कराडला गेलो. कराड तालुक्यात काले नावाचं गाव आहे. १९१९ च्या दसऱ्याला इथं भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे सामान्य माणसं. आज महाराष्ट्र आणि कर्नाटकात मिळून सातशेहून जास्त शाखा असलेल्या या संस्थेचं मूळ अशा एका खेड्यात आहे. संस्थेचं बोधचिन्ह वडाचं झाड का, ते इथं आल्यावर पटतं. वडाला पारंब्या फुटतात, त्या जमिनीत रुजतात आणि नव्या खोडासारख्या उभ्या राहतात.

१९२४ मध्ये संस्थेचा कारभार साताऱ्याला आला. आम्हीही आलो. अजिंक्यतारा डोक्यावर ठेवून वसलेलं हे शहर. इथल्या धनिणीच्या बागेत भाऊरावांनी वसतिगृह चालवलं. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. मराठा, दलित, मुसलमान, जैन, सगळ्या जातिधर्मांची मुलं इथं एका छपराखाली राहत, एका पंगतीला जेवत. त्या काळी ही फार धाडसाची गोष्ट होती. धान्य संपलं की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना देत. एकदा तर त्यांनी मंगळसूत्रही दिलं, असं सांगतात.

पण दागिने किती दिवस पुरणार? म्हणून मुलांनीच हात चालवायचे ठरले. भाजीपाला पिकवायचा, स्वयंपाक करायचा, दगडमाती वाहायची, बांधकामावर राबायचं आणि त्या श्रमावर शिकायचं. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं, तेही याच तत्त्वावर. फी नाही; ‘कमवा आणि शिका’.

इथं मात्र आमच्या बाईसाहेब अडल्या. “मामा, हे काही बरोबर नाही. श्रीमंताच्या मुलानं अभ्यास करायचा आणि गरिबाच्या मुलानं आधी दगड उचलायचे?”

प्रश्न खरा होता. मी लगेच काही बोललो नाही. मग म्हटलं, “बरोबर नाहीच. म्हणून तर आता सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आहे, २००९ चा. पण तेव्हा असा कायदा नव्हता. दगड उचलायचा, नाहीतर शाळा सोडायची, असाच प्रश्न होता. आणि कुणाच्या दयेवर शिकायचं नाही, हा भाऊरावांचा बाणा.”

मग मी तिला अमेरिकेतली एक हकिकत सांगितली. अलाबामा राज्यात टस्कीगी इथं बुकर टी. वॉशिंग्टन या गुलामीत जन्मलेल्या शिक्षकानं १८८१ मध्ये काळ्या मुलांची शाळा काढली. इमारतीला विटा हव्यात म्हणून मुलांनी भट्टी लावली. ती फसली. दुसरी फसली, तिसरीही! पैसे संपले. वॉशिंग्टन यांनी खिशातलं घड्याळ गहाण टाकलं आणि चौथी भट्टी साधली. पुढं त्या मुलांच्या विटा आसपासचे लोकही विकत घेऊ लागले. ‘प्रकल्प पद्धती’ हा शब्द अमेरिकेतल्या शिक्षकांत गाजला तो किलपॅट्रिक या प्राध्यापकांच्या १९१८ च्या लेखामुळं. आणि काल्याला संस्था निघाली १९१९ मध्ये. एकाचा दुसऱ्याला पत्ता नसेल, पण हातानं काम करता करता शिकायचं, ही गोष्ट दोन्हीकडं होती.

साताऱ्यात कर्मवीरांच्या समाधीपुढं आम्ही थोडा वेळ थांबलो. स्वतः इंग्रजी सहावीपर्यंतच शिकलेला हा माणूस. पण १९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. त्याच वर्षी ‘पद्मभूषण’ही मिळालं. ९ मे १९५९ रोजी ते गेले. त्यांची ‘कमवा आणि शिका’ योजना ‘रयत’च्या महाविद्यालयांत अजून चालू आहे.

रात्री सांगलीला पोचलो. आजोबा जागेच होते. भाचीनं सगळं सांगितलं, तर आजोबा हसून म्हणाले, “अगं, मी पण बोर्डिंगातच होतो की! आठवीत असताना अण्णा गेले.”

‘अण्णा’ म्हणजे कर्मवीर. आजोबा बोर्डिंगात होते एवढं मला माहीत होतं. पुढचं मीही कधी विचारलं नव्हतं.

“काय काम करायचात?”

“भाकऱ्या थापायचो. माझी पाळी असली की भाकरीचा नकाशा व्हायचा. पण मुलं मोजून पीठ काढावं लागायचं बरं का! पाटीवर गणित चुकलं तर मास्तर रागवतात. पिठाचं चुकलं तर शेवटची चार पोरं उपाशी. एकदा माझं चुकलं. मग माझ्या वाटची भाकरी दिली आणि पाणी पिऊन झोपलो. त्यानंतर त्रैराशिक कधी चुकलं नाही.”

भाची बराच वेळ गप्प होती. मग तिनं वही उघडली आणि वर लिहिलं, ‘आमच्या घरातला हायस्कूलला गेलेला पहिला माणूस’. खाली प्रश्न लिहिले. शाळा घरापासून किती लांब होती? फी कुणी भरली? जेवायला काय असायचं? पंगतीत शेजारी कोण बसायचं? आजोबा सांगत गेले, ती लिहीत गेली. अक्षर तिचंच, वेडंवाकडं. दाढीचं ते चित्र अजून तक्त्याशेजारीच पडलं होतं.

दोस्तांनो, तुमच्या घरातही कुणीतरी पहिल्यांदा हायस्कूलची पायरी चढलं असेल. आजी, आजोबा, कदाचित तुमची आईच. कशाच्या बळावर चढलं, ते एकदा विचारा. दुकानातल्या तक्त्यावर ते मिळणार नाही. आणि आईबाबांनो, यंदाच्या प्रकल्पाला किनार तुम्ही आखू नका!