रावेतहून केडगावला

पवनेकाठचे मौजे रावेत 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले आणि तेथील बंधाऱ्यातून उपसलेल्या पाण्यावर उद्योगनगरीची तहान भागते, एवढे येथे नव्याने बिऱ्हाड केलेल्यालाही ठाऊक असते. परंतु एका अंगाला मोरया गोसावींचे चिंचवड आणि दुसऱ्या अंगाला तुकोबांचे देहू अशा दोन क्षेत्रांच्या मध्ये वसलेल्या या परिसरात, कारखान्यांच्या निमित्ताने आलेल्या माणसांबरोबर रविवारच्या मलयाळी, तमिळ, मराठी उपासनाही आल्या, याची दखल सहसा कोणी घेत नाही. अशाच एका उपासनेत, शेजाऱ्यांच्या निमंत्रणावरून मागच्या बाकावर बसलो असता, एका गृहस्थांनी उभे राहून आपली साक्ष दिली. व्यसन सुटले, घर सावरले, असा तिचा साधा मजकूर होता. ती ऐकताना पंडिता रमाबाईंनी 1907 मध्ये केडगावहून प्रसिद्ध केलेल्या साक्षीचे स्मरण झाले, आणि केडगाव एकदा पाहून यावे असे मनाने घेतले.

आकुर्डीला लोकल धरली. आगगाडीत बसले की नारायण वामन टिळकांची आठवण हटकून होते, कारण राजनांदगावच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला, तेथून त्यांची वाट वळली आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्तापाशी आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते मोकळेपणाने मान्य करीत. देहूच्या इतक्या जवळ राहून ही गोष्ट विसरणे कठीण आहे.

पुण्यास गाडी बदलताना रमाबाईंचा इतिहास आपोआप समोर उभा राहतो. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या, आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगत वाढलेली आणि कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविलेली, वैधव्यानंतर 1882 मध्ये या शहरी आली आणि तिने आर्य महिला समाज स्थापिला, तेव्हा पुण्याने कौतुक केले. पुढल्याच वर्षी, 29 सप्टेंबर 1883 रोजी, इंग्लंडात वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतल्याची वार्ता आली, तेव्हा त्याच पुण्याने तिच्यावर आग पाखडली. 1889 मध्ये तिने मुंबईत उघडलेली शारदासदन ही विधवांची शाळा पुढल्या वर्षी पुण्यास आली, आणि तेथील मुलींच्या धर्मांतराच्या प्रवादावरून 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागारपद सोडून बाजूला झाले.

एवढ्या वादंगात खुद्द बाईंच्या अंतरात काय घडत होते, हे विचारण्यास कोणाला सवड नव्हती. ते त्यांनी पुढे साक्षीत स्वतःच सांगितले: बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, सिद्धान्त मान्य होते, पण ख्रिस्त मात्र भेटलेला नव्हता. हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त, ज्यात अनेक वर्षे व्यासपीठावरून उपदेश करणाऱ्या या धर्मोपदेशकाचाच पालट होतो, त्यांच्या वाचनात आले आणि आपली उणीव त्यांना उमगली. तारण हे विद्वत्तेने मिळवावयाचे नसून दिलेले घ्यावयाचे आहे, हे 1891 च्या सुमारास त्यांच्या मनात ठसले. ज्या प्रसंगावर पुण्यात लेख झडले तो 1883 चा होता, आणि माझ्या मते खरा प्रसंग हा दुसरा, कोणत्याही दफ्तरात नोंद नसलेला.

हडपसर, लोणी, उरुळी, यवत मागे टाकीत गाडी केडगावला येते. 1897 मध्ये पुण्यात प्लेगाचा अंमल सुरू झाला, तेव्हा दुष्काळी मध्यप्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींना बाईंनी भीमथडी तालुक्यातील या उजाड माळावर, आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीत हलविले. विहिरी खणल्या, फळझाडे लावली, छापखाना घातला, आणि 1900 च्या दुष्काळानंतर मुक्तिसदन या नव्या आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. (याच केडगावच्या बेटात नारायण महाराजांचे दत्तस्थान आहे; दोन्ही ठिकाणांचे यात्रेकरू एकाच फलाटावर उतरतात.) जून 1905 मध्ये मुक्तिसदनात संजीवन, म्हणजे धर्मजागृतीची लाट, झाले, मुली रडल्या, प्रार्थनेत रात्री जागल्या. अशा आवेगांबद्दल मी जरा साशंक असतो. मला भिडते ते त्यापुढचे काम. भागवताचे अठरा हजार श्लोक जिला मुखोद्गत होते, असे सांगतात, त्या संस्कृत पंडितेने उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून, अडाणी बाईला कळेल अशा साध्या मराठीत बायबल उतरविण्यास घेतले, आणि आश्रमाच्या मुलींनी त्याचे खिळे जुळविले. 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ज्ञानाचा अभिमान कसा उतरतो याचा इतका लेखी पुरावा मला दुसरीकडे आढळलेला नाही.

5 एप्रिल 1922 रोजी बाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून बाहेर पडले. मुक्तिसदन आजही चालू असून तेथे निराधार स्त्रिया व मुले राहतात, म्हणून जाणाऱ्याने आधी कार्यालयाशी पत्रव्यवहार करून परवानगी घ्यावी, आणि जमल्यास बाईंची साक्ष वाचून मगच जावे.