कोया, घरी ये

ती. वहिनींस,


पंचायत समितीला तुम्ही उभं राहण्याला दादांची ना नाही, पण भावकी ‘घराकडं कोण बघणार?’ म्हणते, असं कळलं. लगेच कोया क्नूट्सन आठवली. हाच सवाल तिला अख्ख्या अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी केला होता.

कोया 1912 साली नॉर्थ डकोटातल्या एडमोरजवळ जन्मली. नॉर्वेजियन शेतकऱ्याची लेक. शिकून शिक्षिका झाली आणि 1940 मध्ये वडिलांच्या शेतावर राबणाऱ्या अँडीशी लग्न केलं. मिनेसोटातल्या ओक्ली या छोट्या गावात दोघांनी हॉटेल चालवलं. पुढे तिनं शेती खात्याच्या योजनेत काम केलं, गावपातळीवर बरंच काही पाहिलं आणि 1950 मध्ये राज्याच्या विधानसभेत गेली.

खरी मजा 1954 ची. तिच्या पक्षानं अमेरिकी संसदेच्या लोकप्रतिनिधीगृहासाठी दुसऱ्यालाच पसंती दिली होती. बाईनं ऐकलं नाही. वडिलांकडून वाट्याला आलेली जमीन विकून तिनं प्रचाराचा खर्च काढला. पंधरा काउंट्यांचा तो मतदारसंघ तिनं गाडीनं पालथा घातला; अकॉर्डियन वाजवून गाणी म्हणायची, मग दुधाच्या नि गव्हाच्या भावावर बोलायची. आधी पक्षांतर्गत लढत जिंकली, मग बारा वर्षं ठाण मांडून बसलेल्या हॅरल्ड हेगनना पाडलं. मिनेसोटातून तिथं निवडून गेलेली ती पहिली बाई.

तिला कृषी समिती हवी होती. समितीचे अध्यक्ष कूली यांना बाई नको होती. सभापती सॅम रेबर्न यांनी शब्द टाकला तेव्हा कुठे जागा मिळाली. त्या समितीवरही ती पहिलीच बाई! कष्टकऱ्यांच्या पोरांना कॉलेज परवडत नाही, हे शिक्षिका असताना तिनं पाहिलं होतं. म्हणून विद्यार्थी-कर्जाचा आग्रह तिनं आधीपासून धरला होता; पण तो कुणी मनावर घेतला नाही. ऑक्टोबर 1957 मध्ये रशियानं स्पुटनिक उपग्रह सोडला, आपण शिक्षणात मागे पडलो या धास्तीनं अमेरिका हादरली आणि 1958 च्या शिक्षण कायद्यात ही कर्जं आली.

पण नाव झालं ते भलत्याच कारणानं. त्याच वर्षी मे महिन्यात अँडीच्या नावानं एक पत्र छापून आलं: राजकारण सोड आणि घरी ये. ‘कोया, घरी ये’ हा मथळा देशभर गाजला. अँडी दारू पिई, तिला मारीही. मथळे देणाऱ्यांनी ते काही छापलं नाही. तिनंही चारचौघांत उलट उत्तर दिलं नाही. घरची लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत, ही तिची शिस्त. मला वाटतं, ती तिला महागात पडली. शिवाय 1956 च्या अध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीत पक्षनेत्यांच्या मर्जीतल्या स्टीव्हन्सनना सोडून तिनं केफॉव्हरना साथ दिली होती, त्यामुळे पाठीशी उभं राहायला पक्षातले बडे लोकही फारसे आले नाहीत.

1958 च्या निवडणुकीत विरोधक ओडिन लँगन यांची घोषणा होती, मर्दाच्या कामाला मोठा मर्द हवा. कोया 1,390 मतांनी पडली. त्या नोव्हेंबरात तिच्या डेमोक्रॅटिक पक्षाची देशभर लाट होती; हातातली जागा गमावणारी पक्षाची ती एकटीच. निवडणूक आटोपल्यावर संसदीय समितीसमोर अँडीनं सांगून टाकलं की ते पत्र आपण लिहिलंच नव्हतं. आता सांगून काय उपयोग?

1960 मध्ये ती पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. 1962 मध्ये काडीमोड घेतला, वॉशिंग्टनला नागरी संरक्षण कार्यालयात नोकरी केली. 1996 मध्ये वारली. तिनं लावून धरलेली ती विद्यार्थी-कर्जं मात्र पुढे पर्किन्स कर्ज या नावानं 2017 पर्यंत मिळत राहिली.

तुमचा,
धाकटा दीर