दोन थरांच्या सांध्यावर

नाशिकहून गिरणारे, वाघेरा करत हरसूलकडे निघालं की घाटात एका वळणावर रस्त्यासाठी तोडलेला डोंगर उघडा पडलेला दिसतो. खाली काळा कातळ, वर काळा कातळ आणि मधे हातभर रुंदीचा विटकरी लाल पट्टा. मी गाडी थांबवून त्या पट्ट्यावर हात ठेवला. डिसेंबरचा पहिला आठवडा होता, पाऊस जाऊन दोन महिने होत आले होते आणि कातळ कोरडा ठणठणीत होता. लाल पट्टा मात्र ओलसर लागला. बोटाला मऊ चिखल आला.

पुढचे दोन दिवस मी डोंगर चढलो ते या पट्ट्याच्या मागे लागूनच.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि त्या भेगांमधून लाव्हा वाहत राहिला. एका डोंगराच्या तोंडातून उसळलेला नव्हे, मैलोन्‌मैल पसरत गेलेला. एक थर निवायचा, कधी कधी पुढचा यायला इतका काळ जायचा की वरचा दगड कुजून त्याची माती व्हायची. मग नवा लाव्हा येऊन त्या मातीला भाजून काढायचा. मडकं भट्टीत लाल होतं तशी. सह्याद्रीचे कडे आडव्या रेघा मारल्यासारखे दिसतात ते या थरांमुळे. जगभरचे भूवैज्ञानिक आपल्या दगडाला ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतला, जिन्याच्या पायऱ्या या अर्थाचा.

हरसूलला पोचलो तेव्हा बाजार उठत होता. पथारीवर उरलेली सुकट गोणपाटात गुंडाळली जात होती, एक म्हातारी नागलीचं शेवटचं माप पिशवीत ओतत होती. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा सगळ्यांच्या पाड्यांचं हे बाजाराचं गाव. त्र्यंबकेश्वर तालुक्यात असलं तरी त्याचं तोंड गुजरातकडे. बोलीतही ते जाणवतं.

या बाजाराला एक जुनी जखम आहे. ५ डिसेंबर १८५७ च्या रात्री भिल्ल आणि ठाकरांच्या एका जमावाने त्र्यंबकचा सरकारी खजिना लुटायला हल्ला केला आणि पहाटेपर्यंत तो भोवतालच्या डोंगरांत पसार झाला. त्याच सुमारास पेठ संस्थानातल्या कोळ्यांनी उठाव केला आणि हरसूलची बाजारपेठ लुटली. इंग्रजांनी फौज आणली, डोंगर पिंजून काढले आणि पेठच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांना फासावर चढवलं. शाळेत आपण १८५७ म्हटलं की मेरठ, झाशी, कानपूर शिकतो. हरसूलचं नाव मी त्या धड्यात कधी वाचलं नाही. ते असायला हवं होतं असं त्या संध्याकाळी, विझत्या बाजारात उभं राहून फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोरीपाड्याला गेलो. बरोबर पाड्यावरचाच एक तरुण होता. वनखात्याने आणि गावकऱ्यांनी मिळून इथे गिधाडांसाठी जेवणाची जागा केली आहे. कुणाचं जनावर मेलं की ते कुंपणाच्या आत आणून टाकतात. एके काळी आपल्याकडे गिधाडं इतकी होती की त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नसे. मग गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक देऊ लागले, ते औषध पोटात असलेलं जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली आणि काही वर्षांत आकाश रिकामं झालं. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. खोरीपाड्याने आपल्यापुरतं त्यापुढचं काम हाती घेतलं.

आम्ही समोरच्या टेपाडावर चढून बसलो. खुरासणीची शेतं कापून झाली होती, गवत सोनेरी पडलं होतं. नऊच्या सुमाराला ऊन तापलं तशी पहिली सावली कड्यावरून सुटली. पंख न हलवता ते गिधाड वर वर येत आमच्या डोळ्यांच्या पातळीवर आलं. इतकं जवळ की पंखाच्या टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी सुटी सुटी दिसत होती. मग दुसरं, तिसरं, पाचवं.

“ते कुठून सुटलं पाहिलंत?” तरुणाने विचारलं. त्याच्या बोटाच्या रोखाने पाहिलं तर कड्यावर एक आडवी खाच होती आणि तिच्याखाली विष्ठेचे पांढरे ओघळ. “पांढऱ्या पाठीचं गिधाड झाडावर घरटं करतं, लांब चोचीचं कड्यात. मऊ दगड झिजला की वरच्या दगडाचं छप्पर राहतं. त्याला तेवढंच लागतं.”

पुन्हा तोच सांधा.

टेपाडावरून उतरताना वाटेत झिरा लागला. कातळाच्या पायथ्याशी वीतभर खोल खळगा आणि त्यात लाल मातीतून पाझरणारं पाणी. एक मावशी वाटीने हंडा भरत होत्या. वाटी बुडवायची, ओतायची, पाणी पुन्हा जमेपर्यंत थांबायचं. गडबड नाही, चिडचिड नाही. किती वेळ लागतो विचारलं तर म्हणाल्या, “आता बरंय बाबा. होळीपर्यंत पुरतो. मग खाली नदीला जायचं.”

या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो सगळा जातो कुठे? या कातळाला पोट नाही. जे मुरतं ते भेगांतून खाली जातं, लाल थरावर अडतं आणि आडवं वाहून असं एखाद्या झिऱ्याला बाहेर येतं. बाकीचं उतारावरून धावत दमणगंगेला आणि तिथून दमणच्या समुद्राला. याच तालुक्यातल्या खरशेतच्या शेंद्रेपाड्यावर बायका तास नदीच्या घळीवर टाकलेल्या लाकडी बल्लीवरून डोक्यावर हंडे घेऊन जात होत्या. त्यांचे फोटो छापून आले तेव्हा, जानेवारी २०२२ मध्ये, तिथे लोखंडी पूल बसवला गेला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो पुरात वाहून गेला. पावसाळ्यात पूल वाहून नेण्याइतकं पाणी आणि उन्हाळ्यात वाटीने भरायचा हंडा, हे दोन्ही एकाच तालुक्याच्या वाट्याला. मला हे कळतं, पण पचत नाही.

तिसऱ्या दिवशी हरिहर गड. हरसूलहून त्र्यंबकच्या रस्त्याला लागून निरगुडपाडा गाठला आणि उजाडताना चढायला लागलो. जंगलातली वाट, मग मोकळं पठार, मग समोर तो उभा काळा कातळ आणि त्यावर सरळ आभाळात गेलेला जिना. फोटोत तो शेकडो वेळा पाहिला होता. फोटोत खोबण्या दिसत नाहीत. प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना पंजा बसेल एवढी खोबण आहे, आतून गुळगुळीत झालेली. पहिल्या पायरीवर मी हात घातला तेव्हा बोटं आपोआप जागेवर बसली. कुणाच्या कुणाच्या बोटांनी ती घासली असतील? गडावर धान्य नेणारे, दारूगोळा नेणारे, पहारा बदलायला जाणारे. कोकणातून गोंडा घाटाने वर येणाऱ्या मालावर नजर ठेवायला हा गड. १६३६ मध्ये शहाजीराजांना त्र्यंबकबरोबर तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी स्वराज्यात आणला.

शंभरावर पायऱ्या चढून दरवाजा ओलांडला की वाट एकदम आडवी होते. डोक्यावर कातळाचं छत, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी आणि माणसाला वाकून जावं लागेल एवढीच उंची. तिथून पुढे पुन्हा पायऱ्या. ती आडवी वाट खोदणाऱ्यांनी दगड वाचूनच जागा निवडली असणार, असं मला वाटतं. जिथे छिन्नी चालते तिथे आडवं जायचं, जिथे दगड टणक आणि भरवशाचा तिथे उभ्या पायऱ्या काढायच्या.

१८१८ च्या एप्रिलमध्ये त्र्यंबक पडला आणि पाठोपाठ हरिहर, भास्करगड असे सतरा किल्ले इंग्रजांच्या हाती आले. त्यानंतर सह्याद्रीत ठिकठिकाणी गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवण्यात आल्या. इगतपुरीकडच्या अलंगला चढताना आजही दोर बांधावा लागतो तो त्यामुळे. हरिहरचा जिना शाबूत राहिला. तो पाहून कॅप्टन ब्रिग्जसारखा अनुभवी इंग्रज अधिकारीही हबकला होता. मला त्याचा हेवा वाटला नाही. त्याने जिना पाहिला तो जिंकलेल्याच्या नजरेने. मला तो मारुतीच्या देवळाकडे जाणाऱ्या एका आजोबांच्या मागून चढायला मिळाला. ते अनवाणी होते आणि खोबणीत हात न घालता चढत होते.

वरती हनुमान, महादेव, दगडी कोठी आणि पाण्याचं तळं. सगळ्यात उंच टोकावर, ३,६७६ फुटांवर, उभं राहिलं की दख्खनचा कणा नजरेसमोर उलगडतो. पश्चिमेला भास्करगड, जवळच उतवड, ईशान्येला ब्रह्मगिरी, दक्षिणेला वैतरणेचं चकाकणारं पाणी आणि उत्तरेला धुरकट निळाईत हरसूलच्या बाजूचे डोंगर. ब्रह्मगिरीवर पडलेला एक थेंब गोदावरीतून सुमारे दीड हजार किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळतो. त्याच्याच शेजारी पडलेला दुसरा वैतरणेतून अरबी समुद्राला. सगळ्या डोंगरांच्या अंगावर त्याच आडव्या रेघा, एकमेकींशी जुळणाऱ्या. मधल्या दऱ्या पाण्याने कोरून काढल्या, रेघा मात्र दरी ओलांडून पलीकडच्या कड्यावर तशाच पुढे चालू राहतात.

आजोबा तळ्याच्या काठाशी बसले होते. त्यांनी तांब्या भरून घेतला, थोडं पाणी मारुतीला घातलं, उरलेलं प्यायले. मी विचारलं, हे कधी आटतं का? ते म्हणाले, “माझ्या ध्यानात तर नाही.”

मी तळ्याच्या खोदलेल्या भिंतीजवळ वाकलो. पाण्याच्या पातळीच्या वीतभर वर, काळ्या कातळात, दोन बोटं रुंदीची लालसर रेघ होती. तिच्यातून एक थेंब लोंबत होता. तो सुटून पाण्यात पडेपर्यंत मी पाहत राहिलो. मग दुसरा जमायला लागला.