जोडलेले हात, पुढे केलेला हात

वाचन : मार्क १:२९-४५



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मंडळीच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर एका मावशींचा निरोप आला. घरात पाय घसरून पडल्या होत्या, खुब्याचे हाड मोडले होते, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होते. तो निरोप आम्ही दोघांनी सुलतान बाजार मेट्रो स्टेशनच्या जिन्यात वाचला. गाडी येत होती. आम्ही दोघांनीही जोडलेल्या हातांचे चित्र टाकले आणि गाडीत चढलो. रात्रीपर्यंत त्या निरोपाखाली तशाच हातांची रांग लागली.

दीड महिन्याने मावशी वॉकर धरून उपासनेला आल्या. आम्ही लगबगीने पुढे गेलो. "मावशी, बऱ्या आहात ना? आम्ही प्रार्थना करत होतो."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "हो ना, सगळ्यांचे हात पाहिले मी. मोजलेसुद्धा. पडल्या पडल्या दुसरं काय करणार?"

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच ते जास्त लागले. आजाऱ्यांच्या भेटी घेण्याचे काम मंडळीने आमच्याकडेच दिलेले आहे. आणि खरे सांगायचे तर त्या दीड महिन्यात आम्ही मावशींना भेटायला गेलो नव्हतो, त्यांच्यासाठी गुडघेही टेकले नव्हते. चित्र टाकल्यामुळे प्रार्थना केल्यासारखे वाटले, आणि तेवढ्यानेच ती राहून गेली.

घरीही तेच चालले होते. आमच्या बाबांचे वय ब्याऐंशी. दोन वर्षांपासून अक्षरे दिसत नाहीत. रोज सकाळी शास्त्र वाचणारा माणूस, म्हणून आम्ही गुजराती गल्लीतून त्यांच्यासाठी छोटा स्पीकर आणला आणि मराठी बायबलचे ध्वनिमुद्रण लावून दिले. एक बाई फार स्वच्छ वाचतात. बाबांची सोय झाली आणि आम्ही आपापल्या फोनकडे वळायला मोकळे झालो.

एका संध्याकाळी उत्पत्तीचा सत्ताविसावा अध्याय चालू होता. आंधळा झालेला इसहाक, आशीर्वाद घ्यायला एसावाच्या वेषात आलेला याकोब. बाबा एकदम म्हणाले, "अरे, थांबवा त्या बाईंना. छान वाचतात, पण विचारलेलं काही सांगत नाहीत." मग थोड्या वेळाने, "इसहाकालाही दिसत नव्हतं. पण त्याला मुलाचे हात तरी चाचपता आले. मी काय हा डबा चाचपू?"

आम्ही दोघेही त्याच खोलीत होतो, सहा हातांवर.

त्याच सुमारास मोहित्यांचे वडगाव या गावाची बातमी पुन्हा आठवली. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात हे गाव आहे. कोविडच्या काळात शाळा फोनवर भरू लागली आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातातून फोन सुटेना. तेव्हा २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून गावाने एक नेम धरला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरी फोन आणि टीव्ही बंद होतात आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुले अभ्यासाला बसतात. सुरुवातीला आशा आणि अंगणवाडीच्या ताई घरोघर जाऊन समजावत होत्या. त्या नेमात शहाणपण आहे. एकट्याने मोह टाळणे अवघड, सगळ्यांनी एका वेळी उठायचे ठरवले की जरा सोपे जाते.

सुलतान बाजारात भोंगा वाजवला तरी ऐकणार कोण? खाली साड्यांच्या दुकानांसमोरची गर्दी, वर २०२० पासून धावणारी मेट्रो. कधीकाळी आपल्या या बाजारातही सगळ्यांसाठी एक घड्याळ होते. १८६५ चा तो मनोरा अजून उभा आहे. आता ज्याची त्याची वेळ ज्याच्या त्याच्या खिशात. म्हणून आमच्या घरचा भोंगा बाबाच झाले. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे सात ठोके ते मोजतात आणि काठी जमिनीवर दोनदा आपटतात. दोन्ही फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर जातात. घंटी चालू ठेवतो, कारण रात्री-अपरात्री कुणाला गरज लागू शकते. कुणाचा फोन आला तर उठून घ्यायचा, बोलायचे आणि परत ठेवायचा. चाळायचा नाही.

पहिले दोन आठवडे अवघड गेले. हात सारखा खिशाकडे जाई. काय बोलावे ते सुचेना. बाबा खुर्चीतच पेंगत. पण हळूहळू आम्ही वाचू लागलो आणि बाबा थांबवू लागले. एका अध्यायाला चार-चार दिवस लागतात. बाबांचे आजोबा जालन्याजवळच्या बेथेलहून, म्हणजे रेव्ह. नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात वसवलेल्या ख्रिस्ती गावातून, हैदराबादला आले हे आम्हाला ठाऊक होते. ते एकटेच आले आणि पहिली दोन वर्षे घरी पत्रसुद्धा धाडू शकले नाहीत, हे मात्र अब्राहामाच्या प्रवासावर थांबलो त्या दिवशी पहिल्यांदा कळले. इतकी वर्षे आम्ही विचारलेच नव्हते.

आजच्या वाचनाकडे पाहा. कफर्णहूमात संध्याकाळी सारे गाव दाराशी लोटले होते. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच प्रभू येशू एकटा निघून गेला आणि निर्जन जागी प्रार्थना करू लागला. शिमोन आणि सोबती शोधत आले, सगळे तुझी वाट पाहत आहेत असे सांगू लागले. आपल्या फोनचे तरी दुसरे काय म्हणणे असते? पण प्रभू त्या हाकेमागे गेला नाही.

आजवर आम्ही हे वाचन इथेच संपवत होतो : एकांत साधा, शांत बसा. यंदा पुढची वचनेही वाचली. एकांतातून निघालेला प्रभू गावोगाव फिरतो, आणि वाटेत एक कुष्ठरोगी गुडघे टेकून विनवतो. प्रभूचा शब्द पुरेसा होता. तरी त्याने हात पुढे केला आणि ज्याला कुणी शिवत नव्हते त्याला स्पर्श केला. प्रभूचा एकांत असा माणसापर्यंत पोहोचला.

म्हणून आता गुरुवारचा दीड तास आम्ही भेटींसाठी ठेवला आहे. पहिल्या गुरुवारी मावशींकडे गेलो. माफी मागितली. त्यांनी ती हाताने झटकून टाकली आणि जरा संकोचून म्हणाल्या, "एक काम कराल? ऑपरेशनपासून वाकता येत नाही. पायाची नखं फार वाढलीत." आमच्यातल्या एकीने नखे काढली, दुसऱ्याने दिवा धरला. मग प्रार्थना केली. ती दोन मिनिटांचीच झाली.

बंधुभगिनींनो, फोन वाईट असे आम्ही म्हणत नाही. टाळेबंदीत मंडळी त्याच्यामुळेच एकत्र राहिली, आणि मावशींचा निरोपही त्याच्यावरच आला. निरोप पोहोचवणे हे त्याचे काम, जाणे आपले. आमचा नेम आजही आठवड्यातून दोनदा-तीनदा मोडतो. महिनाअखेरीस तर हमखास. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी वाजते आणि आम्ही उठतो.

या आठवड्यात कुणाच्या निरोपाला तुम्ही हात जोडलेत? त्या घराचे दार किती लांब आहे?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या जवळ बसलेल्या माणसाकडे आम्हाला पाहता येऊ दे. आम्ही जे हात तुझ्यापुढे जोडतो, तेच हात दुसऱ्यासाठी पुढे करायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.